कुलंट जातंय कुठे? गाडी गरम होण्याचं मूळ शोधण्याची पद्धत

कुलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यातून आणि रेडिएटरमधून फिरणारा द्रव. ते पेट्रोलसारखं जळून संपत नाही. यंत्रणा बंदिस्त असते. एकदा घातलेलं कुलंट बदलायची वेळ येईपर्यंत तेवढंच फिरत राहायला हवं. कुलंटच्या बॉटलमधली पातळी दर पंधरा दिवसांनी खाली जात असेल, तर ते बाहेर गळतंय, झाकणावाटे उडतंय, नाहीतर इंजिनाच्या आत जातंय. चौथी वाट नाही. "जुनी गाडी आहे, थोडं पाणी खाणारच" हे ऐकून नुसतं टॉपअप करत राहिलं, तर नळीच्या एका क्लिपचं काम हेड (सिलिंडरांवर बसणारं इंजिनाचं डोकं) उतरवण्यापर्यंत जातं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकतं आणि मग खर्च शेकड्यांत राहत नाही.

तपासाला बसण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. आधी कुलंट कमी झालं म्हणून गाडी तापली, की गाडी आधी तापली म्हणून कुलंट उकळून बाहेर पडलं? दोन्ही वेळेला शेवटी दिसतं तेच: रिकामी बॉटल, वाफ आणि लाल दिवा. पण पहिल्या वेळी गळती शोधायची असते, दुसऱ्या वेळी फॅन, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप), रेडिएटर किंवा पंप. हे न ठरवता काम सुरू केलं की एकेक पार्ट बदलला जातो आणि दोष जागच्या जागी राहतो.

कोल्हापूरकरांची यात एका गोष्टीने फसगत होते. इथून कोकणात जाताना घाट उतरायचा असतो, इंजिनावर भार नसतो, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. परतताना मात्र करूळ, आंबा, फोंडा, आंबोली यांपैकी कोणताही घाट घ्या, चढच आहे. त्यात गाडी भरलेली, एसी चालू आणि वेग वीस-तीसचा. कमकुवत झालेली कूलिंग यंत्रणा नेमकी तिथे उघडी पडते आणि आपण म्हणतो, "कोकणात जाऊन गाडीला काहीतरी झालं." दोष बहुतेक वेळा घरून निघतानाच गाडीत असतो.

रस्त्यात काटा वर गेला तर

सगळ्यात आधी एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर शेवटच्या स्पीडवर ठेवा. हीटर कॉइल म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. उकाडा सोसावा लागेल, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघते. काटा मिनिट-दोन मिनिटांत खाली आला नाही तर सुरक्षित जागा बघून थांबा. वाफ नसेल, खाली सांडलेलं नसेल आणि फॅन फिरत असेल, तर दोन-तीन मिनिटं गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, म्हणजे पंप पाणी फिरवत राहतो. वाफ येत असेल किंवा खाली धार लागली असेल तर इंजिन लगेच बंद.

कुलंटच्या झाकणाला पाऊण तास तरी हात लावू नका. रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी नळी) कापडाने दाबून बघा. दगडासारखा लागला तर आत अजून दाब आहे. होज मऊ झाल्यावर झाकणावर जाड फडकं टाकून पाव आटा फिरवा, सूं आवाज पूर्ण थांबू द्या आणि मगच उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला चीर जाऊ शकते. इंजिन निवल्यावर थोडं थोडं पाणी घाला. त्या वेळी प्यायच्या बाटलीतलं पाणी चालतं, घरी आल्यावर काढून टाकायचं.

एक धोका पुष्कळांना माहीत नसतो. कुलंट पूर्ण गेलं की टेंपरेचर सेन्सर पाण्यात न राहता हवेत लटकतो आणि काटा उलट खाली येतो. जोरात वाफ आली आणि मग काटा "नॉर्मल" झाला, तर ती सुधारणा समजू नका. इंजिन कोरडं झालेलं असतं.

पायरी १ : पातळी नीट मोजा

सकाळी, रात्रभर उभी असलेली गार गाडी, सपाट जागा. बॉटलवर मार्करने रेघ मारा आणि शेजारी तारीख व किलोमीटर लिहा. आठवडाभर रोज त्याच वेळी बघा. गरम इंजिनात पातळी वर चढते, हे नैसर्गिक आहे. म्हणून गरम गाडीची पातळी गार पातळीशी ताडू नका. कुलंट नुकतंच बदललं असेल तर पहिल्या काही दिवसांत अडकलेली हवा निघून पातळी थोडी उतरते. ती गळती नव्हे.

तुमच्या गाडीत कोणती रचना आहे तेही बघून घ्या. काही गाड्यांत झाकण रेडिएटरवर असतं आणि बॉटल नुसती साठवणीची, दाब नसलेली. दुसऱ्या प्रकारात बॉटलच दाबाखाली असते आणि तिचंच झाकण आट्यांचं असतं. पहिल्या प्रकारात बॉटल भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो, असं अनेकदा होतं. त्यामुळे गार इंजिनात रेडिएटरचं झाकण उघडून आत डोकवायलाच हवं. कुलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे.

छोट्या पेट्रोल गाडीत एकूण कुलंट साधारण चार-पाच लिटर असतं. महिन्याला शंभर मिली गेलं तर सावकाश शोधायला वेळ आहे. दोन-तीनशे किलोमीटरमध्ये लिटरभर गेलं तर कारण सापडेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.

पायरी २ : डोळे, नाक आणि पुठ्ठा

कुलंट वाळलं की डाग मागे ठेवतं. पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली, मिठासारखी. गार इंजिनात टॉर्च घेऊन पुढच्या जागा बघा.

रेडिएटरच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची टाकी असते आणि मधली जाळी अ‍ॅल्युमिनियमची. पत्र्याचे दात वळवून टाकी जिथे बसवलेली असते, ती कड फार गळते. मग प्रत्येक होजची दोन्ही टोकं. क्लिपच्या पुढे होज फुगलेला, चिकट किंवा चिरलेला असेल तर तो बदलायचाच. थर्मोस्टॅटची हाऊसिंग प्लास्टिकची असेल तर तिच्या जोडावर केसासारखी चीर शोधा. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब येतात. त्या भोकाखाली ओघळ दिसला तर पंप संपला. भोक बुजवण्याचा उद्योग करू नका, पाणी बेअरिंगमध्ये जाईल. इंजिन ब्लॉकवरचे गोल पत्र्याचे कोअर प्लगही बघा. साधं पाणी वापरलेल्या गाडीत ते आतून गंजून त्यांना सुईएवढं भोक पडतं.

सीएनजी गाडी असेल तर आणखी एक जागा. गॅस रिड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) गोठू नये म्हणून त्याला गरम कुलंट दिलेलं असतं. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये त्यासाठी हीटरचा होज कापून टी-जॉइंट टाकतात. तिथल्या चार-सहा क्लिपा वर्ष-दोन वर्षांत ढिल्या पडतात आणि हा कोपरा सहसा कुणी बघत नाही. कुलंट कमी झालं की रिड्यूसर बाहेरून गार पडतो, कधी त्यावर दव किंवा बर्फ धरतं आणि गाडी गॅसवर अडखळते. गॅसची तक्रार घेऊन आलेल्या गाडीतही म्हणून आधी कुलंटची पातळी बघावी.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका. पावसाळ्यात उघड्यावर याचा उपयोग नाही, छताखालची जागा हवी. सकाळी डाग दिसला तर बोटाने चोळा. एसीचं पाणी नुसतं पाणी असतं. कुलंट बोटाला बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. चव मात्र घेऊ नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून गळती नाही असंही नाही: इंजिनखालचं प्लास्टिक कव्हर थेंब अडवून ठेवतं आणि गरम एक्झॉस्टवर पडलेला थेंब जागीच उडून जातो.

केबिनमध्ये डावीकडच्या पायापाशी मॅट ओली, काचेवर आतून तेलकट धुकं आणि गोड वास, हे तिन्ही एकत्र असतील तर हीटर कॉइल गळतेय. नुसती मॅट ओली आणि वास नाही, तर एसीची ड्रेन नळी तुंबलेली असण्याचा संभव जास्त.

पायरी ३ : प्रेशर टेस्ट, आणि झाकणाचीही

इंजिन खोलायची भाषा कुणीही केली तरी ही टेस्ट झाल्याशिवाय होकार देऊ नका. हातपंप आणि मीटर असलेलं हे साधन झाकणाच्या जागी बसतं. इंजिन गार हवं, कुलंट पूर्ण भरलेलं हवं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. मीटर त्या आकड्यापर्यंत न्या, त्याच्या वर नाही. जास्त दाब दिला तर चांगली असलेली हीटर कॉइलही फुटू शकते.

मग अर्धा तास थांबा. पाच मिनिटांत साधन काढून "ओके आहे" म्हणणाऱ्याची घाई आपल्या कामाची नाही. काटा हलला नाही तर निदान गार अवस्थेत तरी यंत्रणा घट्ट आहे. काटा उतरला आणि बाहेर थेंब दिसला तर दोष सापडला. काटा उतरतोय पण बाहेर सगळं कोरडं आहे, तर कुलंट आत जातंय. पायरी ५ बघा. गार असताना न गळणारी जागा कधी कधी गरम झाल्यावर उघडते, म्हणून पहिल्या टेस्टमध्ये काही मिळालं नाही तर गाडी फिरवून आणा, बंद करा, दाब उतरल्यावर इंजिन कोमट असतानाच पुन्हा टेस्ट करा.

आता झाकण. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं आणि निम्मं कुलंट मिसळलं की आणखी सात-आठ अंश वर. म्हणजे झाकणाची स्प्रिंग ढिली पडली तर वीस अंशांची राखीव जागा गेली. घाटात इंजिन १०५ ला पोचतं. चांगल्या झाकणाखाली ते चालून जातं, ढिल्या झाकणाखाली उकळी फुटते. गळती नाही, फॅन ठीक आहे, रेडिएटरही ठीक, तरी घाटात पाणी उडतं, अशा गाडीत झाकणावर पहिला संशय घ्या.

झाकणात दुसरी एक छोटी झडप असते. इंजिन गार होताना ती बॉटलमधलं कुलंट परत रेडिएटरमध्ये ओढू देते. ती अडकली की बॉटल भरत जाते, रेडिएटर रिकामा होतो आणि सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. चपटा होज दिसला की झाकण बदला, आणि मूळ आकड्याचंच घ्या. "जास्त दाबाचं टाकू, पाणी उडणार नाही" हा उपाय नाही. दाब दुसरीकडे कुठेतरी होज फोडेल.

पायरी ४ : गाडी नेमकी कधी तापते?

शक्य असेल तर ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि मोबाइलवर कुलंटचा खरा आकडा बघा. बहुतेक गाड्यांचा काटा ७५ पासून १०० च्या पुढेपर्यंत मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो आणि काही छोट्या गाड्यांत काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. स्कॅनरवर सपाट रस्त्याला ८५ ते १००, घाटात १०५ पर्यंत दिसलं तर चिंता नाही. ११० दिसलं की थांबायचं.

सिग्नलला, दसरा चौकाच्या गर्दीत, एसी लावून उभं असताना तापते आणि हायवेला लागलं की निवते? फॅन. एसी चालू केला की बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरतो. फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला करंट देणारा स्विच). त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून फॅनच्या जागी लावून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. तरी नाही तर मोटरला बॅटरीवरून थेट करंट द्या. थेट दिल्यावर फिरली तर दोष वायरिंग, रेझिस्टर किंवा सेन्सरमध्ये. फिरते पण रडत, तर बेअरिंग किंवा मोटरचे कार्बन ब्रश. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत (२०१९ आणि २०२१ साली आपल्याकडे अशा गाड्या पुष्कळ होत्या) फॅनचा कनेक्टर काढून आतल्या पिना हिरव्या पडल्यात का ते आवर्जून बघा. हात लावताना इग्निशन बंद ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण गरम इंजिनात फॅन आपोआप सुरू होऊ शकतो.

उलटं असेल, म्हणजे उभी असताना ठीक पण हायवेवर ऐंशी-नव्वदला काटा चढतो, तर पाण्याचा प्रवाह किंवा रेडिएटर कमी पडतोय. फॅनचा इथे संबंध नसतो, वाऱ्याचा झोत समोरून मिळतच असतो.

रेडिएटर दोन प्रकारे तुंबतो. बाहेरून आधी बघा. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून दुसऱ्या गिअरमध्ये तास-तासभर चालणाऱ्या गाड्यांत धूळ, पाचटाचे तुकडे आणि किडे एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते, मध्ये मात्र पुठ्ठ्यासारखा थर असतो. त्यासाठी कंडेन्सर थोडा पुढे सरकवून मधल्या जागेत टॉर्च टाकावा लागतो. इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या पाइपच्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर बारीक पात्या वाकून उरलीसुरली वाटही बंद होते. आतून तुंबण्याचं कारण बहुधा बोअरचं पाणी. त्यातल्या क्षारांचा थर नळ्यांमध्ये बसतो. इंजिन पूर्ण गरम असताना इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवर फिरवा. तापमान एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच हातभर पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर गाडी सुरू केल्यापासून दहा-बारा मिनिटांतच तापते, वरचा होज चटका देतो आणि खालचा गार राहतो. काढून तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवलेला, सोबत थर्मामीटर. अंगावर ८२ छापलं असेल तर ८० ते ८४ मध्ये उघडायला लागला पाहिजे आणि ९५ पर्यंत आठ मिलिमीटर तरी उघडला पाहिजे. आपल्याकडे इंजिन तापलं की थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय आहे. "आपल्या हवेत लागतच नाही" असं सांगितलं जातं. हे चूक आहे. इंजिन कायम थंड राहिलं की कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटचा मागचा भाग बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी आणखी तापते. वर्षानुवर्षं साधं पाणी घातलेल्या गाडीत पंपाच्या पात्याही खाल्लेल्या सापडतात. पंप बाहेरून कोरडा, आवाज नाही, पण पाणी ढकलत नाही. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते.

पायरी ५ : बाहेर कुठे नाही, मग आत

हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधलं सील) हा शब्द ऐकून घाबरायचं नाही, आणि पुराव्याशिवाय मान्यही करायचा नाही. पुरावे असे गोळा करा.

गार इंजिन सुरू करा आणि वरचा होज धरून ठेवा. पाणी गरम व्हायच्या आत, मिनिटभरातच होज टणक झाला तर सिलिंडरमधला गॅस कुलंटमध्ये शिरतोय. झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू केल्यावर बुडबुडे थांबतच नाहीत, हाही तोच इशारा. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन काही सेकंद एका सिलिंडरवर अडखळून मग सरळ होत असेल, तर रात्री त्या सिलिंडरमध्ये कुलंट झिरपलंय. त्याचा स्पार्क प्लग काढून बघा, बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असेल. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला तर पिस्टनचं डोकंही तसंच चकचकीत दिसतं.

खात्रीची टेस्ट रसायनाची. निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून, इंजिन चालू असताना, वरची हवा त्या द्रवातून ओढायची. ज्वलनाचा वायू असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळा होतो, डिझेलमध्ये हिरवट. आधी कुलंटची पातळी दोन इंच उतरवून घ्या. द्रवात कुलंट ओढलं गेलं तर टेस्ट वाया जाते. यासोबत कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं) केली आणि शेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन कमी आलं, तर मधली गॅस्केट उडाली आहे.

दोन खुणांवर मात्र एकट्या विसंबू नका. ऑइलच्या झाकणाखाली साय धरली म्हणजे गॅस्केट गेलीच असं नाही. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत वाफेमुळे ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर मात्र गंभीर; गाडी सुरू करू नका. दुसरी खूण धुराची. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ पाच-दहा मिनिटांत थांबते. इंजिन पूर्ण तापल्यावरही गोड वासाचा दाट पांढरा धूर येत राहिला तर संशय खरा.

डिझेल गाडीत एक फसवा चोर आहे, ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा एक्झॉस्ट गॅस कुलंटने थंड करणारा भाग. त्याला आतून चीर गेली की कुलंट थेट एक्झॉस्टच्या किंवा इनटेकच्या वाटेला लागतं. ऑइल स्वच्छ, गॅस्केट चांगली, बाहेर थेंब नाही, तरी कुलंट जातं आणि पांढरा धूर दिसतो. हेड उतरवण्यापूर्वी हा कूलर काढून, त्याची तोंडं बंद करून, पाण्यात बुडवून हवेचा दाब द्या. बुडबुडा आला तर हेडचं काम वाचलं. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्या आतच असू शकतो, तेव्हा गिअर ऑइल गुलाबी दुधासारखं झालंय का तेही बघा.

सिलिंडरमध्ये कुलंट साठल्याचा संशय असताना स्टार्टर मारत बसू नका. द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळे प्लग काढा, मग इंजिन फिरवा.

हेड काढावंच लागलं तर

कोल्हापूरकर या बाबतीत भाग्यवान. उद्यमनगरात हेडची हायड्रो टेस्ट (दाबाखाली चिरेची तपासणी) आणि फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) करणारी वर्कशॉप हाकेच्या अंतरावर आहेत. क्रम मात्र तुम्ही सांगा: आधी दाबाखाली चिरेची तपासणी, मग सरळपट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाक मोजणं, आणि शेवटी फेसिंग. चिरलेल्या हेडचं फेसिंग करून उपयोग नाही. वाक दोन्ही लांब कडांवर, दोन आडव्या रेघांत आणि दोन्ही कर्णांत मोजायचा. छोट्या अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये मर्यादा साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा धरा. फेसिंगमध्ये किती मटेरियल काढलं ते लिहून घ्या, कारण हेडची किमान उंचीही ठरलेली असते. ब्लॉकचा माथाही त्याच पट्टीने बघायचा, हे बहुतेक जण विसरतात.

एकदा ताणून बसवायचे हेड बोल्ट असतील तर नवेच घ्या. घट्ट करताना मध्यापासून बाहेर, मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्याने). आणि गॅस्केट का उडाली ते आधी शोधा. फॅन बंद होता म्हणून हेड तापलं असेल आणि फॅन तसाच राहिला, तर नवी गॅस्केटही पहिल्या घाटात जाईल.

गळती थांबवणाऱ्या पावडरी आणि ड्रायव्हर मंडळींची हळद यांची जागा एकच: आडरानात अडकल्यावर घरापर्यंत पोचणं. सांगलीची हळद रेडिएटरचं बारीक भोक बुजवते हे खरं, पण तीच हीटर कॉइलच्या नळ्याही बुजवते. घरी पोचल्यावर लगेच फ्लशिंग करा, म्हणजे यंत्रणा आतून धुऊन काढा.

पायरी ६ : भरणं आणि हवा काढणं

रंगावरून कुलंट घेऊ नका. हिरवं, लाल, निळं हा कंपनीचा रंग असतो, आतलं रसायन त्यावरून कळत नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकारचंच घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका, गाळ धरू शकतो. बाटलीवर रेडीमिक्स (पाणी आधीच मिसळलेलं) आहे की कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) ते वाचा. कॉन्सन्ट्रेट निम्म्यास निम्मं डिस्टिल्ड वॉटर घालूनच वापरायचं. नुसतं कॉन्सन्ट्रेट पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं.

पाण्याने फ्लशिंग केलं असेल तर ब्लॉकमध्ये लिटर-दीड लिटर पाणी राहतंच. त्यावर रेडीमिक्स ओतलं की मिश्रण पातळ होतं. एकूण क्षमता पाच लिटर असेल तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट घाला, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा.

भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, म्हणजे हवा वर झाकणाकडे येते. हीटर पूर्ण गरमवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून, बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. सावकाश ओता. रेडिएटरला झाकण असलेल्या गाडीत ते उघडं ठेवून इंजिन सुरू करा, वरचा होज अधूनमधून दाबा, पातळी उतरेल तशी भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावून दोन-अडीच हजार आरपीएमवर थोडा वेळ चालवा आणि फॅन दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून कडक गरम हवा आली पाहिजे. हवा गार येतेय किंवा काटा वरखाली उड्या मारतोय, म्हणजे हवा अजून अडकली आहे; इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा भरा. काढलेलं जुनं कुलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. गोड वासाने कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, लेबल लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये विचारून द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बघा, बॉटलवर नवी रेघ मारा. पन्नासेक किलोमीटर गावात फिरवून पुन्हा बघा. रेघ हलली नाही तर स्कॅनर लावून एसीसह पन्हाळ्याचा चढ चढा, शहरापासून वीसेक किलोमीटर, आणि काही झालं तर टोइंगला परत यायला सोपं. वर पोचल्यावर गाडी पाच मिनिटं चालू ठेवून उभी करा. आकडा १०५ च्या आत राहिला, फॅन लागून आकडा खाली आणतोय आणि दुसऱ्या सकाळी रेघ तिथेच आहे, तर गाडी घाटासाठी तयार आहे. आकडा त्याच्या वर गेला तर पायरी ४ पासून पुन्हा सुरू करा. या वेळी गळती नाही हे माहीत असल्यामुळे अर्धं काम कमी झालेलं असेल.